नेत्याची श्रद्धा खासगी राहू शकते का?

प्रश्न: नेता मनापासून श्रद्धाळू असेल तर ते कामात उतरणारच ना? की देवघर वेगळं, ऑफिस वेगळं असं खरंच जमतं कुणाला? कॅमेऱ्यासमोरची पूजा सोडून बोला प्लीज.

प्रतिसाद १: अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या केनेडींना १९६० मध्ये ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर जाऊन सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, पक्षाचा आहे, आणि कॅथलिकही आहे. म्हणजे खासगी ठेवायचं म्हटलं तरी लोक विचारतातच.

प्रतिसाद २: मला अमेरिकेचे कार्टर आवडतात. राष्ट्राध्यक्षपद गेलं, नव्वदी उलटली तरी रविवारी गावच्या चर्चमध्ये बायबल शिकवायला उभे, आता त्यात कसली मतं मिळणार होती सांगा.

प्रतिसाद ३: ब्रिटनचे ब्लेअर बघा, जून २००७ ला पंतप्रधानपद सोडलं आणि डिसेंबरमध्ये कॅथलिक झाले. आधी का नाही ते ज्याचं त्याने समजावं 😄

प्रतिसाद ४: आपल्याकडचं सोमनाथ विसरलात? १९५१ ला नव्याने बांधलेल्या मंदिराच्या सोहळ्याला राष्ट्रपतींनी जाणं नेहरूंना पसंत नव्हतं, राजेंद्रप्रसाद तरी गेले. मला दोघांचंही पटतं, हाच घोळ आहे.

प्रश्नकर्ता: कार्टरवाला मुद्दा भारी. पदावर असतानाचं असं उदाहरण आहे का कुणाकडे?