हॅरिएट टबमन समोर बसल्या असत्या तर तुम्ही काय विचारलं असतं?

पुस्तकवेडी:
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटात गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या एखाद्या व्यक्तीची काल्पनिक मुलाखत लिहायचं ठरलंय आणि मी हॅरिएट टबमन घेतल्यात. दोन आठवडे त्यांच्यावरच वाचतेय, पण प्रश्न लिहायला बसलं की सगळे गुळगुळीत येतात हो, एवढं धैर्य कुठून आलं, आजच्या पिढीला काय सांगाल वगैरे. १८४९ला अमेरिकेतल्या मेरीलँडमधून, जिथे त्या गुलाम होत्या, पळून गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनियाला पोचल्या, सुटल्या, आणि तरी पुढची दहा-अकरा वर्षं पुन्हा पुन्हा त्याच मुलखात जाऊन साधारण ७० जणांना बाहेर काढलं, अशा बाईला असलं काही विचारायची मला लाज वाटते. तुम्ही काय विचारलं असतं? उत्तरं मला त्यांच्या तोंडी घालायची आहेत, म्हणजे निदान अर्धं उत्तर तरी नोंदींमधून मिळेल असं काहीतरी सुचवा प्लीज.

रानवाट:
धैर्याचं सोडा, कामाचं विचारा. शनिवारी रात्री निघायच्या कारण पळालेल्या माणसाची जाहिरात सोमवारच्या आधी पेपरात यायची नाही. हिवाळा निवडायच्या, रात्री मोठ्या आणि थंडीत लोक घराबाहेर कमी. तान्ह्या बाळांना अफूचं औषध देऊन झोपवायच्या, एक बाळ रडलं तरी सगळे पकडले जाणार ना. मी विचारलं असतं की किती थेंब द्यायचे ते कसं ठरवायचात आणि बाळ उठेपर्यंत त्याच्या आईकडे बघवायचं का तुम्हाला. जवळ पिस्तूलही असायचं, वाटेत कोणी घाबरून मागे फिरतो म्हणाला तर त्याच्यावरच रोखायच्या, कारण परत गेलेल्याला मारून सगळी वाट वदवून घेतली असती. त्या माणसाशी दुसऱ्या दिवशी काय बोललात हे विचारा.

जुनीपानं:
पुस्तकवेडीताई, ७० आकडा लिहिलात ते बरं केलंत, ३०० माणसं आणि डोक्यावर ४०,००० डॉलरचं इनाम हे सगळीकडे फिरतं पण त्याला आधार नाही. खरी जाहिरात आहे ना १८४९ची, त्या आणि दोन भाऊ आधी एकदा पळाले होते तेव्हाची (भावांनी कच खाल्ली म्हणून तिघेही परत आले). राज्याबाहेर सापडले तर माणशी १०० डॉलर, आत सापडले तर ५०. हॅरिएटचं नाव तिथे मिंटी आहे, वय २७च्या आसपास, उंची ५ फूट, दिसायला छान असंही लिहिलंय, विकायच्या वस्तूचं वर्णन करावं तसं. आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हतं! मी विचारेन, ती जाहिरात तुम्हाला कधी कोणी वाचून दाखवली का.

दुसरा प्रश्न मला विचारवणार नाही पण तुम्ही विचारा. १८६०च्या शेवटच्या फेरीत बहीण रेचलला आणायला गेल्या तर ती आधीच वारलेली, तिची दोन मुलं काढायची तर लाच द्यायला ३० डॉलर लागत होते आणि ते जवळ नव्हते. मुलं मागेच राहिली. दुसऱ्या एका कुटुंबाला घेऊन त्या परतल्या.

नदीकाठ:
अमेरिकेच्या यादवी युद्धातलं विसरू नका. जून १८६३, साउथ कॅरोलायनातली कॉम्बाही नदी, त्यांच्या हेरगिरीच्या जोरावर एका रात्रीत ७००पेक्षा जास्त गुलाम सुटले. आणि पेन्शन? दुसऱ्या नवऱ्याची विधवा म्हणून महिना ८ डॉलर, तेही १८९५ला, १८९९ला त्याचे २० झाले. हिशोब विचारा त्यांना, चिडून बोलू देत.

पुस्तकवेडी:
रानवाट, जुनीपानं, नदीकाठ, तिघांचेही मनापासून आभार. ३० डॉलर वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तुमच्यामुळे माझा प्रश्न सापडला बहुतेक. १८५४चा नाताळ. तीन भाऊ दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते म्हणून त्या न्यायला आल्या आणि आईवडिलांच्या खोपटाजवळ चाऱ्याच्या कोठीत दिवसभर लपून बसल्या. आईला सांगितलं नाही, ती आरडाओरडा करेल म्हणून. ती बिचारी पोरं जेवायला येतील म्हणून वाट बघत होती आणि हे सगळे फळ्यांच्या फटींतून तिला बघत होते, हॅरिएटची तर पाच-सहा वर्षांत आईशी गाठ नाही आणि एवढ्या जवळ असून हाक मारता येत नाही. वडील गुपचूप जेवण देऊन गेले, आणि रात्री निरोप द्यायला आले ते डोळ्यांवर रुमाल बांधून, उद्या कोणी विचारलं तर मी पोरांना पाहिलं नाही असं खरं खरं सांगता यावं म्हणून. पुढे १८५७ला म्हाताऱ्या आईवडिलांनाही त्यांनीच बाहेर काढलं. मग त्या नाताळचं तुम्ही आईला कधी सांगितलंत का, आणि ती काय म्हणाली? मुलाखत इथूनच सुरू करते.

एकच अडकलंय. हाक काय मारू? वाटेवरचे लोक मोझेस म्हणायचे, बायबलमधला आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा तो, पण ते फार मोठं वाटतं समोर बसून.

जुनीपानं:
उतारवयात ऑबर्नला, न्यूयॉर्क राज्यात, लोक त्यांना आंट हॅरिएट म्हणायचे. बिनधास्त हॅरिएटमावशी म्हणा.