मदत हवी आहे: प्रेडिक्टिव्ह कंट्रोल लावला, पण करंटला रिपल (बारीक चढउतार) जास्त

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत छोट्या होडीसाठी पीएमएसएम (कायम चुंबकाच्या सिंक्रोनस) मोटरचा ड्राइव्ह (मोटर चालवणारं सर्किट) बनवतोय. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातील, त्याआधी चालवून बघायचाय.

पीआय (नेहमीचा प्रपोर्शनल-इंटिग्रल कंट्रोलर) काढून मॉडेल प्रेडिक्टिव्ह करंट कंट्रोल (मोटरच्या गणिती मॉडेलवरून पुढच्या करंटचं भाकीत करणारा) घातलाय. दर 50 मायक्रोसेकंदांनी इन्व्हर्टरच्या (डीसीचा एसी करणाऱ्या सर्किटच्या) 8 स्विचिंग स्थिती (वेगळे व्होल्टेज व्हेक्टर 7च) तपासून कमीत कमी कॉस्टवाली (हव्या करंटपासून कमीत कमी फरक देणारी) निवडतो. सिम्युलेशनमध्ये झकास, बोर्डावर मात्र रिपल, आणि मोटर करकरते. गणनेला लागणारा एका सॅम्पलचा उशीर धरून दोन पावलं पुढचं भाकीत करतोच. लोड वाढला की त्रास वाढतो, म्हणून संशय मॉडेलमधल्या इंडक्टन्सवर. सॅच्युरेशनमध्ये (जास्त करंटने लोखंडाची चुंबकत्वाची क्षमता संपत आली की) तो घटतो ना. मोटर फिरत असताना इंडक्टन्स काढायची सोपी पद्धत कोणी वापरलीय का? की आधी डेड-टाइम (वरचा-खालचा स्विच एकदम चालू होऊ नये म्हणून दोन्ही बंद ठेवायचा क्षण) बघू? सॅम्पलिंग आणखी जलद करणं आमच्या कंट्रोलरला झेपायचं नाही.