सिझेरियनची स्पायनल (कण्यातली भूल): बीपी चढवणाऱ्या फेनिलेफ्रिनचा पंप सुरुवातीपासून, की बीपी उतरल्यावर बोलस (एकदम दिलेला छोटा डोस)?

टीफोर
बीपी पडेल तेव्हा बघू, ही सवय सोडा. भुलीचं औषध हेवी ब्युपिव्हाकेन २ ते २.२ मिलि आणि वेदनाशामक फेंटानिल १५ मायक्रोग्रॅम दिलं की भूल स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत चढते, धमन्या आवळून ठेवणाऱ्या सिंपॅथेटिक नसा बंद होतात, धमन्या सैलावतात. बीपीचा कफ फुगून आकडा येईपर्यंत पेशंट "मळमळतंय" म्हणालेली असते. २०१८ चं आंतरराष्ट्रीय एकमतही हेच सांगतं: सिस्टॉलिक (वरचं) बीपी मूळच्या ९० टक्क्यांच्या आसपास राखा, ८० च्या खाली जाऊ देऊ नका. माझ्या मते सुई निघताच मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅमने पंप सुरू व्हावा.

शंकासुर
आकडा शोभून दिसेल, पण नाडीचं काय? फेनिलेफ्रिन धमन्या आवळतं आणि रिफ्लेक्सने नाडी उतरते, सोबत कार्डियाक आउटपुटही (हृदय मिनिटाला ढकलतं ते रक्त). प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या आजारात) बीपी तसंही कमी पडतं, तिथे सरसकट पंप कशाला? शिवाय अँप्युल १ मिलिचं, त्यात १० मिग्रॅ. घाईत सौम्य करताना एक शून्य चुकलं की संपलं. दर मिनिटाला कफ लावा आणि ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलस हाताशी ठेवा.

सलाईनवाला
दोघंही द्रवाला विसरलात. आधी लिटरभर चढवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही, ते शिरांत टिकतच नाही. स्पायनल देतानाच जोरात सोडा, आणि टेबल डावीकडे कलतं ठेवा.

टीफोर
सलाईन हवंच, पण एकटं पुरत नाही.
@शंकासुर, चूक दोनदा पातळ करताना होते. अख्खं अँप्युल १०० मिलि सलाईनमध्ये टाका, लेबल लावा. मिलिला १०० मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे ताशी ३० मिलि म्हणजे मिनिटाला ५०. नाडी ५० खाली आणि बीपी चढं असेल तर पंप थांबवा. घाईने नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन मारलं तर बीपी उसळेल. नाडी आणि बीपी दोन्ही पडली तर दोन्ही चढवणारं इफेड्रिन ६ मिग्रॅ. तेच पहिल्यापासून वारंवार नको, वार ओलांडून बाळाचा पीएच उतरवतं. प्रीएक्लॅम्प्सियाचा मुद्दा मान्य, तिथे कमी वेगाने सुरुवात.

शंकासुर
मग नाडी मूळचीच ६० असेल तर नॉरअ‍ॅड्रेनालिन का नको? थोडा बीटा परिणाम (हृदयाला चालना) असल्याने नाडी तितकी बसत नाही. ५-६ मायक्रोग्रॅमचे बोलस पुरतात. आणि बाळ निघाल्यावर गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन ढकलून दिलं की बीपी पुन्हा कोसळतं, त्याचा दोष स्पायनलला देऊ नका. ते सावकाश द्या.