विंडोज एक्सपी मारली, पण १६०ची हार्डडिस्क १३१च दाखवतेय आणि तीन पिवळी प्रश्नचिन्हं

खिळेजुळारी (नाशिक)

नमस्कार मंडळी. भांडी बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि रामकुंड जवळ असल्यामुळे दशक्रियेची कार्डं. वडील खिळे जुळवायचे, मी कॉम्प्युटरवर पेजमेकर जुळवतो.

मशीन २००३ सालचं आहे. पेंटियम फोर, इंटेलचं ८४५ बोर्ड, ५१२ रॅम. मागच्या आठवड्यात हार्डडिस्क पालीसारखी चुकचुकायला लागली आणि दुसऱ्या दिवशी काळा स्क्रीन. एका दुकानात दाखवलं तर पोरगा म्हणाला, काका, हे भंगारात द्या. आता त्याला कसं समजावू? मागच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टात श्रीलिपीचं, म्हणजे मराठी फॉन्टच्या प्रोग्रामचं, लॉक बसलंय (ते नसेल तर प्रोग्राम उघडतच नाही). वीस वर्षांच्या फाइली आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरल्याची पत्रिका छापली होती ना, तश्शीच धाकट्याची करा. तुळशीचं लग्न लागलं की हेच सुरू होणार.

म्हणून जुन्या बाजारातून १६० जीबीची आयडीई (जुन्या जोडणीची) हार्डडिस्क आणली, सहाशे रुपयांना. मशीनसोबत आलेली एक्सपीची मूळ सीडी होती, सीपीयूवरचा स्टिकरही अजून वाचता येतो. तर :

१. सेटअपमध्ये डिस्क १३१ हजार एमबीच दिसली. उरलेली कुठे गेली? दुकानदारानं फसवलं का?

२. '३९ मिनिटं' म्हणत म्हणत एकदाची विंडोज बसली. पण अक्षरं वडापावएवढी, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तीन पिवळी प्रश्नचिन्हं : व्हिडिओ कंट्रोलर, मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर आणि युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर.

३. नेटची वायर जोडली, लाइट लुकलुकतो, पण एक्स्प्लोरर एकही पान उघडत नाही.

४. बंद करून चालू केलं की तारीख १ जानेवारी २००२.

ड्रायव्हरची (व्हिडिओ, आवाज वगैरे भाग विंडोजकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रामांची) सीडी २०१६च्या पुरात गेली. त्या ऑगस्टमध्ये पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आम्ही सीपीयू माळ्यावर टाकला, पण बऱ्याचशा सीड्या खालच्या कपाटात राहिल्या. मुलाच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर शोधले तर एका साइटनं 'अपडेटर' नावाचं काहीतरी उतरवलं आणि अँटिव्हायरस बोंबलायला लागला. आता मुलगा लॅपटॉपला हात लावू देत नाही.

---

सातपूर_सर्व्हिस

काका, सगळ्यात आधी नेटची वायर काढा. हे वाचताय तेवढ्यात काढा. सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा) नसलेली एक्सपी नेटला जोडणं म्हणजे रात्री दुकानाचं शटर उघडं टाकून घरी जाणं. २००३ साली ब्लास्टर नावाचा किडा आला होता तेव्हा नुसती वायर जोडली की मशीन मिनिटभरात रिस्टार्ट व्हायला लागायचं. शिवाय त्या एक्स्प्लोररला आजच्या साइटींचं एन्क्रिप्शन कळतच नाही, त्यामुळे पान उघडणारही नाही. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला बंद केलाय. हे मशीन नेटशिवायच चालवायचं.

दुकानदारानं फसवलेलं नाही. तुमच्या सीडीवरची एक्सपी सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजायला २८ बिट वापरते. म्हणजे २६ कोटी ८४ लाख सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार केला तर १३७ जीबी, आणि विंडोजच्या हिशेबात (ती हजाराऐवजी १०२४च्या पटीत मोजते) १३१ हजार एमबी. त्याच्या पलीकडे तिला दिसत नाही. सर्व्हिस पॅक १पासून ४८ बिट आले. १६० जीबी म्हणजे त्याच हिशेबात १५२ हजार एमबी, म्हणून पॅक टाकलात की उरलेली २१ हजार एमबी डिस्क मॅनेजमेंटमध्ये रिकामी दिसेल, तिथे वेगळं पार्टिशन करा. पुन्हा फॉरमॅट मारायची गरज नाही.

आता क्रम. इथेच बहुतेकांची गाडी अडते. एसपी३ (सर्व्हिस पॅक ३) थेट बसत नाही, आधी एसपी१ए टाकावा लागतो, मग एसपी३. दोन्ही इंटरनेट आर्काइव्ह या साइटवर मिळतात. पेनड्राइव्ह छोटा घ्या, २ किंवा ४ जीबीचा, आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला. आजचे ६४ जीबीवाले एक्सफॅट असतात, तुमची एक्सपी त्यांना ओळखणार नाही. कॉपी रडतरखडत होईल, कारण यूएसबी २चा सपोर्टसुद्धा एसपी१मध्येच आला. ते यूएसबीचं पिवळं चिन्ह त्याचंच आहे, पॅकनंतर आपोआप जाईल. तोवर चहा घ्या.

ड्रायव्हर नावानं शोधू नका, नंबरानं शोधा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर डबल क्लिक, मग 'डिटेल्स' टॅब. हा टॅब एसपी२च्या आधी लपवलेला असायचा, म्हणूनही पॅक आधी. तिथे एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात 'व्हीईएन'च्या पुढचे चार म्हणजे कंपनी आणि 'डीईव्ही'च्या पुढचे चार म्हणजे चिप. ८०८६ असेल तर इंटेल (त्यांच्या १९७८च्या प्रोसेसरचाच आकडा घेतलाय), १०ईसी असेल तर रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, ११०६ व्हीआयए. ती ओळ इथे टाका.

तारखेचं म्हणाल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळवाल्याकडे मिळतो.

---

गंगापूररोडकर

एवढा खटाटोप कशाला? नवीन मशीन घ्या, विंडोज ११ टाका, युनिकोडमध्ये काम करा. जग कुठे गेलं!

---

खिळेजुळारी

गंगापूररोडकर, नवीन मशीन आहे हो माझ्याकडे, नवं काम त्याच्यावरच होतं. पण २००९ची पत्रिका त्याच्यावर उघडली तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी एबीसीडी आणि डॉलरची चिन्हं येतात. नवरीच्या बापाला काय दाखवू?

सातपूरवाले, वायर काढली. सेल टाकला, चाळीस रुपये. पॅक शोधायला लॅपटॉप लागेल, मुलाला मिसळ खाऊ घालून विचारतो.

---

डीटीपी_ताई

दादा, पंधरा वर्षं डीटीपी केलं आहे म्हणून दोन गोष्टी सांगते. लॉकला विंडोजच्या ड्रायव्हरशिवाय स्वतःचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तो बहुधा फॉन्टच्या सीडीतच एका फोल्डरमध्ये असतो. तो टाकूनही लॉक दिसत नसेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन पॅरलल पोर्ट चालू आहे का आणि त्याचा मोड काय आहे ते बघा. ईसीपी, ईपीपी, बाय-डायरेक्शनल असे पर्याय असतात, बदलून बदलून बघायचे. बायॉसचा सेल मेला होता ना, म्हणजे त्या सेटिंग मूळ पदावर गेल्या असणार. आणि कुणी यूएसबी टू पॅरलल वायर घ्या म्हणालं तर पैसे घालवू नका. ती प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यावर चालत नाही. मी घालवले आहेत.

दुसरं, जुन्या डिस्कला पुन्हा पुन्हा चालू करून बघत असाल तर थांबा. फाइली तिच्यातच आहेत ना?

---

पंचवटी_एक्स्प्रेस

जुनी हार्डडिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या एकाची चालू झाली होती.

---

सातपूर_सर्व्हिस

फ्रीजमध्ये भाजी ठेवा भो, डिस्क नको. बाहेर काढली की आत दव धरतं, आणि उरलीसुरली आशाही संपते.

काका, ताईंचं ऐका. आयडीई टू यूएसबी वायरनं ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावा, लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करा आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम चालवा. ते आधी सोपे सेक्टर उचलतं आणि रडके शेवटी ठेवतं. फाइली एकेक उघडून बघायच्या नाहीत, आख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) घ्यायची आणि मग इमेजमधून शोधायचं. जमत नसेल तर शनिवारी घेऊन या, वायर आहे माझ्याकडे.

---

खिळेजुळारी

मंडळी, हालहवाल.

एसपी१ए बसला. मग एसपी३ तीनशे एमबीच्या वरचा, पण यूएसबीचं पिवळं चिन्ह गेल्यावर पेनड्राइव्ह एकदम पळायला लागला. उरलेली २१ हजार एमबी खरंच दिसली! तिचं डी पार्टिशन केलं. 'डिटेल्स' टॅबही आला. नंबर :

व्हिडिओ : व्हीईएन ८०८६, डीईव्ही २५६२
ऑडिओ : व्हीईएन ८०८६, डीईव्ही २४सी५

---

सातपूर_सर्व्हिस

२५६२ म्हणजे ८४५जीचं बोर्डावरचंच ग्राफिक्स. इंटेलचा 'एक्स्ट्रीम ग्राफिक्स' नावाचा एक्सपीचा ड्रायव्हर लागेल. इंटेलनं जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर आपल्या साइटवरून काढायला २०१९मध्ये सुरुवात केली, त्यामुळे आर्काइव्हवरच शोधा. आधी चिपसेटचा (बोर्डाच्या मुख्य चिपांचा) आयएनएफ टाका, रिस्टार्ट, मग ग्राफिक्स.

२४सी५ म्हणजे एसी९७ आवाज. यात मेख आहे. नंबर इंटेलचा दिसतो, पण खरा ड्रायव्हर शेजारच्या छोट्या कोडेक (आवाजाच्या) चिपवर ठरतो. स्पीकरच्या भोकांजवळ ब्रशनं धूळ झटका, बोटाच्या नखाएवढी चौकोनी चिप दिसेल. तिच्यावर 'एएलसी'नं सुरू होणारं नाव असेल तर रिअलटेकचा एसी९७, 'एडी'नं असेल तर साउंडमॅक्स.

नंबर शोधायचा कंटाळा असेल तर स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन एक्सपीवर चालतो, फुकट आहे. फक्त नावातलं 'ओरिजिन' बघून घ्या. बाकी अपडेटरांच्या नादी लागू नका, ते लॅपटॉपला भोवलंच आहे.

---

खिळेजुळारी

शनिवारी सातपूरला जाऊन आलो. वायर लावून डिस्क ठेवली, सकाळी अकराला सुरू केली ती संध्याकाळी सहापर्यंत. मधूनमधून चुकचुकायची, मी देवाचं नाव घ्यायचो. जुनं डी पार्टिशन जवळजवळ पूर्ण आलं. सीमधलं बरंच गेलं. पण फॉन्टची सीडी लॉकच्या डब्यात गल्ल्यामध्ये होती, पुरातून तीही वाचली. २०१३चं एक फोल्डर मात्र उघडत नाही. त्या वर्षी कुणाची लग्नं झाली असतील तर माफी.

ग्राफिक्स बसलं, अक्षरं माणसात आली. आवाजाची चिप बघितली, 'एएलसी६५०' लिहिलंय, पण तो ड्रायव्हर टाकलेलाच नाही. छापखान्यात विंडोजचा टुंग आवाज कुणाला ऐकायचाय? ते पिवळं चिन्ह राहू दे तिथेच.

लॉक दिसत नव्हतं. ताई, तुम्ही म्हणालात तसंच होतं, बायॉसमध्ये पोर्ट बंदच होता. चालू करून ईपीपीवर ठेवला आणि श्रीलिपी उघडली. एलजे १०२० प्रिंटर लावला, २०१४ची एक पत्रिका उघडून ट्रेसिंग पेपरवर प्रिंट दिली. '॥ श्री गजानन प्रसन्न ॥' एकदम काळं कुळकुळीत. धाकट्याचा बाप समोरच बसला होता. त्यानं ट्रेसिंग उजेडात धरून वाचलं आणि म्हणाला, थोरल्याच्या वेळी 'चिरंजीव'मधला जी ऱ्हस्व पडला होता, तो अजून तसाच आहे.