मदत हवी आहे : तुर्की साम्राज्याचा 'ऱ्हास' युरोपीय लेखकांनी नेमका कुठून घेतला?

नमस्कार. ओटोमन, म्हणजेच तुर्की साम्राज्याच्या, राज्यकारभाराविषयी युरोपीय वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या मजकुरावर मी एक लेख लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे.

ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग दरबाराचा वकील बुसबेक १५५५ साली अमास्याच्या छावणीत सुलतान सुलेमानाला भेटला. तिथले जानिसारी (सुलतानाच्या खड्या पायदळातले) सैनिक इतके निश्चल उभे होते की ही माणसे आहेत की पुतळे असा त्याला संभ्रम पडला, आणि त्याने अभिवादन केल्यावर सगळ्यांनी एकदम माना लवविल्या तेव्हा कुठे तो फिटला. इथे कूळ न पाहता कर्तबगारी पाहून पद मिळते, असेही तो लिहितो. अर्थात हा टोला त्याच्या स्वतःच्या मुलखातल्या सरदारांना असावा, असे मला वाटते.

शंभरएक वर्षांनी इंग्रज वकिलातीचा चिटणीस पॉल रायकॉट याच राज्याला सुलतानाच्या मर्जीवर चालणारी जुलूमशाही म्हणतो. पण १६६७ पासून तोच रायकॉट इझमीर या तुर्की बंदरात इंग्रजांचा कॉन्सल होता, आणि तिथे इराणी रेशीम व इंग्रजी लोकरी कापड यांचा व्यापार भरभराटीत होता. सुलतानाने इंग्रजांना दिलेल्या १६७५ च्या सनदेतही त्यांच्या मालावरची जकात ३ टक्केच राहिली आणि त्यांचे आपसातले तंटे त्यांचाच वकील वा कॉन्सल सोडवीत असे. अंमलदार नाहक पैसे उकळतात ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी असेलही, पण केवळ लहरीवर चालणाऱ्या राज्यात वखारी पिढ्यानपिढ्या टिकतात कशा?

दुसरीकडे, ओटोमन दरबारातील कोची बेने सुलतान चौथ्या मुरादला सादर केलेल्या निवेदनात लाचेच्या जोरावर अपात्रांना मिळणाऱ्या जहागिरींविषयी आणि फुगलेल्या पगारी फौजेविषयी कठोर शब्दांत लिहिले होते, म्हणजे ऱ्हासाची भाषा रायकॉटच्या आधीच खुद्द इस्तंबूलमध्ये रूढ होती. मार्सिली हा इटालियन १६७९-८० मध्ये तिथे असताना हेझारफेन हुसेन या तुर्क विद्वानाच्या संपर्कात होता, तेव्हा देवाणघेवाणीची वाट निदान त्याच्या बाबतीत तरी दिसते.

माझा प्रश्न असा, की सुधारणेसाठी केलेली ही दरबारी टीका युरोपीय लेखकांनी उचलून राज्याच्या स्वभावाचेच वर्णन म्हणून मांडली, असे दाखवणारा थेट पुरावा कोणी अभ्यासला आहे का? याउलट सुरतेत राहून गेलेल्या आंकेतिल द्युपेरों या फ्रेंच विद्वानाने १७७८ मध्ये तुर्कस्तान, इराण आणि हिंदुस्थानात खासगी मालमत्ता व कायदा होता असे प्रतिपादन केले. त्याला समकालीनांनी काय उत्तर दिले, हेही कळले तर हवे आहे. मला फ्रेंच आणि तुर्की येत नाही, त्यामुळे इंग्रजी किंवा मराठी साहित्य सुचवल्यास विशेष उपयोग होईल. काझींच्या दप्तरांतील निवाड्यांचे इंग्रजी अनुवाद कुणाच्या पाहण्यात असल्यास तेही जरूर कळवावेत.