कायदा शरीयतशी विसंगत आहे, हे ठरवतं कोण?

प्रश्न: इराण, इजिप्त, पाकिस्तान तिन्ही संविधानांत इस्लाम आहे. मग निकाल कोण देतं?

उत्तर १: इराणमध्ये पालक मंडळ, म्हणजे संसदेचे कायदे तपासणारी संस्था (गार्डियन कौन्सिल). सदस्य 12, पण धार्मिक सुसंगतीवर फक्त 6 धर्मशास्त्रीच मत देतात. त्यांना सर्वोच्च नेता नेमतो. मंडळाने कायदा नाकारल्यावरही संसद अडून बसली तर वाद 1988मध्ये स्थापन झालेल्या हितनिर्णय परिषदेकडे जातो.

उत्तर २: इजिप्तमध्ये मौलवी नव्हे, संविधान न्यायालय. 1980च्या दुरुस्तीने शरीयतची तत्त्वं कायद्याचा ‘मुख्य स्रोत’ झाली. पण 1985मध्ये न्यायालयाने ती अट दुरुस्तीनंतरच्याच कायद्यांना लावली. जुने कायदे सुटले! पळवाट म्हणा हवं तर.

उत्तर ३: पाकिस्तानात लोक इथेच गल्लत करतात. इस्लामी विचारधारा परिषद फक्त सल्ला देते. कायदा रद्द करायचा अधिकार संघीय शरीयत न्यायालयाला, आणि त्यावरही सर्वोच्च न्यायालयात अपील होतं.