मदत हवी आहे : एचआरच्या केसेस फिल्टर करून बघायला सोपं काही आहे का?

नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात एचआर बघतो. अडीचशे माणसं, तीन पाळ्या. पीएफची नावदुरुस्ती, रजा, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी, सगळ्या केसेस एकाच एक्सेल शीटमध्ये. काल फिल्टर लावला तर 'पीएफ', 'पी.एफ.' आणि 'भविष्य निर्वाह' असे तीन प्रकार निघाले! (दोष माझाच, प्रत्येक पाळीचा क्लार्क मनाने टाइप करतो.) त्या गोंधळात 30 दिवसांत द्यायची ग्रॅच्युइटी 26व्या दिवशी सापडली. नावाने शोधावं तर पाटीलच चाळीस.

प्रकार, पाळी, स्थिती आणि केस किती दिवस पडून आहे, हे एकदम लावून यादी दिसावी, फिल्टर सेव्ह व्हावा. शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारी कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीबाहेर कुणाला दिसायला नकोत. 2013 च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे, आणि एक्सेलची लपवलेली शीट राइट-क्लिक करून कुणीही उघडतं.

फ्रॅपे एचआर या एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम्प्लॉयी ग्रीव्हन्स' (कर्मचाऱ्यांच्या तक्रारी नोंदवायची सोय) दिसलं. कुणी वापरलंय का? परवानग्या माणसागणिक नीट लावता येतात का? आमच्याकडे आयटीवाला नाही, जे काय ते मीच.